राजेशम अण्णा आणि पाचवं स्थळ

“घराणं चांगलं आहे हो. तक्रार केली तर उत्तर गोड देतात. पण खातं लई.”

पार्टिशनच्या पलीकडून हे वाक्य आलं, तेव्हा माझ्या नोकरीचा पहिला तास चालू होता. मी खुर्चीत ताठ झाले. त्या दिवसांत आमच्या घरी माझ्यासाठी स्थळं बघणं सुरू होतं, त्यामुळे असली वाक्यं मला भिंतीतूनही ऐकू यायची. कुणाच्या तरी मुलाची चौकशी चाललेली दिसते, असं मी धरून चालले.

“नाही नाही, कामाला लावल्यावर नाही. नुसतं बसलं तरी दोन जीबी खातं!”

मी उठून पलीकडे डोकावले. पंचावन्नच्या आसपासचे एक गृहस्थ, पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खांद्यावर चौकडीचा टॉवेल, कानाला फोन. समोरच्या काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं पळत होती आणि ते त्या अक्षरांकडे, मुलीचा मामा बघतो तसं, थोडं मागं रेलून बघत होते.

हे राजेशम अण्णा. आमच्या कारखान्याचे कॉम्प्युटरवाले. मला त्यांच्या हाताखाली घेतलं होतं.

आमचा कारखाना शाळेचे गणवेश शिवतो. सोलापुरात असे बरेच आहेत, त्यातला हा मधल्या उंचीचा. आमचे व्यापारी लांबलांबचे: तेलंगणातले, गुजरातेतले, ठाण्याकडचे. हे लोक आयुष्यभर कापड बोटांनी चोळून बघत आलेले. आता माल साइटवर बघायचा म्हटलं, तर ते फोटो दोन बोटांनी ताणतात, आणखी ताणतात, पार वीण दिसेपर्यंत ताणतात. वीण दिसली नाही तर म्हणतात, माल हलका आहे. म्हणून फोटो अवजड ठेवावे लागतात. अवजड फोटो सोलापूरहून सुरतेला पोचेपर्यंत व्यापाऱ्याचा चहा येतो, संपतो, आणि तो दुसऱ्याची साइट उघडतो.

यावर जगात सोपा उपाय आहे. मोठ्या कंपन्या गावोगावी आपली यंत्रं ठेवून असतात. त्यांना भाडं द्यायचं, त्या तुमचे फोटो व्यापाऱ्याच्या जवळच्या यंत्रातून दाखवतात. मी मुलाखतीत हेच उत्तर दिलं होतं, इंग्रजीत, खाली बघून. अण्णांना ते मान्य नव्हतं.

“हे बघ बिड्डा,” ते म्हणाले. बिड्डा म्हणजे तेलुगूत लेकरू. वय विचारत नाहीत, सगळ्यांना म्हणतात. “चादर सोलापुरात ठेवली तर भिवंडीच्या माणसाला हितं यावं लागतं. त्याच्या गल्लीत आपला पाव्हणा आहे का? आहे. मग पाव्हण्याच्या घरात एक गठ्ठा ठेवायचा. ज्याला पाहिजे त्याला तो दाखवतो. त्याला भाडं द्यायला तो काय परका आहे?”

अण्णांचे पाव्हणे खरोखरच सगळीकडे होते. विणकरांची घरं; जिथं माग गेले तिथं माणसं गेली. एक मावसभाऊ, दत्तू, भिवंडीला. एक भाची, लावण्या, सुरतेला साडीच्या दुकानात. आणि एक म्हातारी आत्या तिकडे तेलंगणात, सिरसिल्ल्याला. अण्णांनी तीन जुने कॉम्प्युटर साफ केले, प्रत्येकाला टॉवेलची खोळ शिवली आणि ट्रॅव्हल्सच्या गाडीत ड्रायव्हरच्या पायाशी ठेवून तिघांकडे पाठवले. सर्व्हर हा शब्द ते वापरत नाहीत. डबा म्हणतात. भिवंडीचा डबा फ्रिजवर बसला, सुरतेचा साड्यांच्या मागे, आणि सिरसिल्ल्याचा तांदळाच्या पिंपावर.

मी एकदा धीर करून विचारलं, पुण्यात तुमचा पुतण्या आहे ना, तिकडचं नेट सगळ्यात वेगवान आहे.

“तो फोन उचलत नाही,” अण्णा म्हणाले, आणि विषय संपला.

आता प्रश्न राहिला, या डब्यांमध्ये चालवायचं कुठलं सॉफ्टवेअर. आणि इथून राजेशम अण्णा खरे सुरू होतात.

दुसरा कुणी असता तर त्याने दोन-चार नावं काढली असती, दुपारभर वाचलं असतं, एक निवडलं असतं. अण्णांनी स्थळं काढली. पाच. त्यांची नावं ते घेत नसत, आणि मीही इथं घेणार नाही, कारण लग्न ठरेपर्यंत स्थळाचं नाव बाहेर फोडायचं नाही, असा त्यांच्याकडे दंडक आहे. “उद्या नाही जमलं तर त्याची बदनामी कशाला?” सॉफ्टवेअरची!

पहिलं स्थळ वडीलधारं. फार वर्षांचं, फार भरवशाचं, पण त्याला एखादी नवी गोष्ट सांगायची तर आधी चारशे पानांचं पुस्तक वाचून पाया पडावं लागे. दुसरं पैलवान, तेच ते, नुसतं बसून दोन जीबी खाणारं. तिसरं परदेशी. त्याची माहिती अर्धी आम्हाला कळणाऱ्या भाषेत आणि ऐन मुद्द्याची अर्धी न कळणाऱ्या. चौथं कोवळं. एका ओळीत घरात येई, पण दर महिन्याला स्वभाव बदले. आणि पाचवं.

पाचव्याबद्दल अण्णा फारसं बोलत नसत. “फार शहाणं आहे,” एवढंच म्हणत. “आपल्या घरात टिकायचं नाही.”

चौकशीची त्यांची पद्धत मी कुठल्या पुस्तकात पाहिली नव्हती. ते वेग बघत नसत. वेग शेवटी. आधी, घरात माणसं किती, म्हणजे ते सॉफ्टवेअर सांभाळणारी माणसं किती. एकच असेल तर त्याची तब्येत कशी. शेवटचं कधी बोलले. मग, देणंघेणं. “आधी म्हणतात, काही नको, नुसता नारळ द्या. लग्न झालं की दर महिन्याला आहेच!” आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे भांडणं. लोक तक्रारी जिथं लिहितात ते पान अण्णा जेवणाच्या सुट्टीत रोज वाचत, टॉवेलला हात पुसत पुसत. “हे बघ, ह्या माणसानं काय वाईट बोललंय. आणि हे बघ, त्यानं उत्तर काय दिलंय. ‘धन्यवाद, बघतो.’ ह्याला म्हणतात घराणं.”

दर गुरुवारी दुपारी दाखवण्याचा कार्यक्रम असे. कँटीनमधून कांदेपोहे येत. स्थळ पडद्यावर बसवलं जाई. अण्णा मुलीचे मामा, मला म्हणत, तू मुलाकडची. पॅकिंग सेक्शनच्या शबाना आपांना खास बोलावणं असे, कारण त्यांनी तीन मुलींची लग्नं केलेली. त्यांना कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नसे आणि प्रश्न सगळ्यात चांगले त्यांचेच असत.

“इसकू गुस्सा आया तो क्या करता?” त्या विचारत.

“बंद पडतंय,” अण्णा सांगत.

“बोलके बंद पडता, की चुपचाप?”

“चुपचाप.”

“नक्को. चुपचापवाला नक्को. मेरा दामाद वैसाच है.”

या कार्यक्रमाचा मला दुसऱ्या बाजूने अनुभव होता. त्याबद्दल इथे लिहिणार नाही. एवढंच सांगते, की मला पोह्यांची बशी हातात घेऊन समोर बसणं आणि प्रश्न विचारणं इतकं आवडायला लागलं, की गुरुवारी मी कधी रजा घेतली नाही.

“पण अण्णा, इतका वेळ कशाला?” एका गुरुवारी मी विचारलं. परदेशी स्थळाची तिसरी फेरी चालली होती.

“घाई काय बिड्डा. लग्न आहे, केस कापणं नाही.” हे त्यांचं नेहमीचं. मग पोह्यांतले शेंगदाणे बाजूला करत, पडद्याकडेच बघत म्हणाले, “माझ्या वेळी लोक चहा संपायच्या आत नाही म्हणायचे. कप खाली ठेवायच्या आधी. म्हणून मी कुणालाच पटकन नाही म्हणत नाही.”

शबाना आपांनी त्यांच्या बशीत आपल्याकडचा लिंबू पिळला. परदेशी स्थळाला आणखी एक फेरी मिळाली.

नकारही ते रीतसर कळवत. त्या सॉफ्टवेअरच्या लोकांना चक्क पत्र. मसुदा इंग्रजीत, आणि तो नीट करायचं काम माझं, कारण मी इंग्रजी शाळेतली. पहिल्या मसुद्यात लिहिलं होतं: आपलं सॉफ्टवेअर उत्तम कुळातलं असून दिसायलाही देखणं आहे, तथापि योग जुळून आला नाही, तरी राग नसावा, पुढील वाटचालीस शुभेच्छा. मी म्हटलं, अण्णा, असं कुणी लिहीत नाही. ते म्हणाले, मग ते बिचारे वाट बघत बसतात का? मी ते जसंच्या तसं इंग्रजीत केलं आणि डोळे मिटून पाठवलं. पैलवानाकडून, कुठल्या तरी बर्फाच्या देशातून, दोन दिवसांत उत्तर आलं. इतकी वर्षं हे काम करतोय, लिहिलं होतं, लोक फक्त शिव्या द्यायला लिहितात. नकार देऊन शुभेच्छा देणारे तुम्ही पहिले. आणि खाली, तो किती खातो ते कमी करण्याच्या प्रयत्नात आहे, असंही.

“बघ,” अण्णा म्हणाले. “घराणं.” आणि पैलवानाला पुन्हा यादीत घेतलं.

अशाने लग्न व्हायचं कधी? तोवर काम अडू नये म्हणून पहिल्या, वडीलधाऱ्या स्थळालाच तात्पुरतं तिन्ही डब्यांत बसवलं होतं. “म्हंजे शादी के पैले घर में रखा,” शबाना आपा म्हणाल्या. अण्णा लाल झाले. “तसं नाही म्हणायचं आपा. पाहुणे म्हणून आलेत.”

या पाहुण्यात एक उणीव होती. एखादा डबा बंद पडला, तर बाकीच्यांना त्याचा पत्ता नसे. व्यापारी त्या बंद डब्यापाशी जाऊन उभा राही, कुलूप बघून परत येई. त्यामुळे डबे चालू आहेत की नाही ते माणसाने विचारावं लागे. आणि ते अण्णा विचारत. रोज संध्याकाळी, कारखाना सुटायच्या वेळेला, ओळीने तीन फोन.

भिवंडीला मराठी आणि तेलुगू मिसळून: “दत्तू, हिरवा दिवा आहे का? बघ उठून. आहे? आणि तुझ्या गुडघ्याचं काय झालं?” डब्याचं काम एका वाक्यात होई, गुडघ्याला बराच वेळ लागे. सुरतेला लावण्या दुकानात गिऱ्हाईक असलं तरी उचले, “मामा, दिवा आहे, आणि आज बघा एक बाई काय म्हणाली,” असं सुरू होई. सिरसिल्ल्याचा फोन पूर्ण तेलुगूत आणि स्पीकरवर, कारण आत्या ओरडून बोलत. मला तेलुगू येत नाही, पण रोज ऐकून ऐकून काही शब्द कळायला लागले. पिल्ली म्हणजे मांजर. आत्यांना दिवा दिसत नसे, मोतीबिंदू होता. त्यांनी स्वतःची पद्धत शोधली होती. डबा गरम असला की मांजर त्याच्यावर झोपे.

“पिल्ली बसलंय का?” अण्णा विचारत.

“बसलंय!” आत्या ओरडत.

“चालू आहे,” अण्णा मला सांगत, आणि मी सिरसिल्ल्यापुढे बरोबरची खूण करी. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत मला ही तपासणी कुणी शिकवली नव्हती, पण ती एकदाही चुकली नाही.

मग खंडेनवमी आली.

त्या दिवशी कारखान्यातली सगळी शिलाई मशीन बंद. सकाळी धुतलेली, पुसलेली, प्रत्येकीला हळदकुंकू, झेंडूची माळ. बाया नव्या साड्या नेसून आलेल्या. आमचे मालक विजयशेठ मात्र हैदराबादला होते, एका मोठ्या व्यापाऱ्याकडे. वर्षभराची ऑर्डर त्याच्याकडून यायची होती, आणि शेठना त्याला साइट दाखवायची होती. अण्णा आमच्या कपाटातल्या मुख्य डब्यापुढे चपला काढून, हातात माळ घेऊन उभे होते, तेवढ्यात त्यांचा फोन वाजला.

“अण्णा, साइट पांढरीफटक आहे! नुसतं पांढरं! हे काय करलालाव तुम्ही?” आवाज माझ्यापर्यंत आला.

अण्णांनी माळ माझ्या हातात दिली आणि भिवंडीला फोन लावला.

“दत्तू, डबा?”

“केली की पूजा, अण्णा! हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, पेढा ठेवला. आणि बंद केला.”

“बंद केला?”

“आज मशीन चालवतात का कुणी? काय विचारता अण्णा तुम्ही पण!”

सुरतेला लावण्याने फोटो काढून ठेवला होता. डबा, त्यावर झेंडू, समोर उदबत्ती, दिवा विझलेला. ग्रुपवर टाकते म्हणाली. सिरसिल्ल्याला आत्यांनी पहाटेच वायर काढून पिंपावर रांगोळी काढली होती. मांजर सकाळपासून रुसून बाहेर बसलं होतं.

तीन राज्यांत तीन घरं. कुणी कुणाला विचारलं नव्हतं आणि तिघांनी एकच गोष्ट केली होती.

अण्णा डब्याकडे बघत राहिले. मग मला म्हणाले, “चूक कुणाची सांग.” मला सांगता येईना. त्यांनाही येईना, कारण माळ घालून झाली की आमचाही डबा ते बंदच करणार होते, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

“आत्या, आजच्या दिवस लाव ना वायर,” त्यांनी विनवून पाहिलं. तिकडून आलेल्या उत्तराचा अर्थ तेलुगू शेजारात वाढलेल्या शबाना आपांनी लावून दिला: आज यंत्राला हात लावला तर ते वर्षभर कुरकुर करतं, आणि हे तुला मी सांगायचं? तू मागाच्या घरात जन्मलास ना?

मी हाताने तिन्ही गावांचे रस्ते सोलापूरकडे वळवले. पण जुना पत्ता लोकांच्या फोनमध्ये काही वेळ तसाच राहतो. तोवर हैदराबादच्या व्यापाऱ्याने जेवण मागवलं होतं आणि ऑर्डरचं बघू म्हणाला होता.

दसरा झाल्यावर शेठ परत आले. ओरडले नाहीत, तेच जास्त वाईट होतं. सगळ्यांना आपट्याची पानं देऊन झाल्यावर अण्णांना म्हणाले, “अण्णा, तुमचं स्थळ बघणं बास. येत्या शनिवारी मला एक नाव पाहिजे. बंद पडलं तर स्वतःचं स्वतः सावरणारं. नाहीतर पुण्याची एक कंपनी आहे, तिला देऊन टाकतो सगळं. मग डबे परत मागवा, आणि तुम्ही पण घरी आराम करा. वय झालंच आहे की आता.”

अण्णा हसून म्हणाले, “शनिवारी नक्की.” पण त्या गुरुवारी त्यांनी पोहे मागवले नाहीत.

मी तीन जुने लॅपटॉप टेबलावर मांडले. चिकटपट्टीवर लिहिलं: भिवंडी, सुरत, सिरसिल्ला. एकेक स्थळ त्यांच्यात घालून बघितलं. कुणाला कसं बोलावं हे मला कळत नाही, पण यंत्रांशी माझं बरं जमतं. पाचवं मी शेवटी घेतलं, आणि त्याच्या पहिल्या तासातच कळलं, की शोधत होतो ते हेच. चारही बाजूंनी चांगलं. कमी खाणारं, भांडणाऱ्यांना नीट उत्तर देणारं, देण्याघेण्याची अट नसलेलं. अण्णांनी यालाच का टाकलं असावं? त्यांच्या नजरेतून काहीतरी सुटलं असणार, असं मला वाटलं. मला इतका आनंद झाला की मी त्यांना हाक मारायला पार्टिशनच्या पलीकडे धावत गेले. मी ऑफिसात धावले नव्हते कधी.

“अण्णा, बघा.”

मी सिरसिल्ल्याची वायर ओढली. पडद्यावरचा एक हिरवा ठिपका लाल झाला, आणि डोळा लवेपर्यंत तिकडचे सगळे लुटुपुटूचे व्यापारी गुपचूप सोलापूरला वळले. फोटो उघडाच राहिला. चौकडीच्या स्कर्टची एक रेघसुद्धा हलली नाही. वायर लावली, ठिपका हिरवा झाला, सगळे आपापल्या जागी परत. मी पुन्हा ओढली, पुन्हा लावली. जादूगारासारखं करत होते मी.

“ते सारखं एकमेकांकडे बघत असतं,” मी म्हणाले. “दर दहा सेकंदांनी. आपलं आपण.”

“हो,” अण्णा म्हणाले. “मला माहीत आहे. मी पहिल्या आठवड्यातच पाहिलं होतं.”

“मग?”

त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

“म्हणजे विचारायला नको कुणाला.”

“नको.”

“पिल्लीचं पण?”

“मांजराचं पण नको,” मी हसत म्हणाले, आणि ते वाक्य तोंडातून बाहेर पडल्यावर मला त्यांचा चेहरा दिसला.

त्या वर्षात पाव्हण्यांकडून अण्णांना आलेला एकही फोन मला आठवेना. सगळे त्यांनी केलेले. जायचे डब्यासाठी, आणि मग गुडघा, दुकान, मोतीबिंदू, कुणाचं बारसं, कुणाचा रुसवा. गेल्या मे महिन्यात भिवंडीला एका लग्नात त्यांना पुढच्या रांगेत बसवलं होतं, डबेवाले अण्णा म्हणून. तो फोटो त्यांनी आम्हाला ताणून ताणून, वीण दिसेपर्यंत दाखवला होता.

मी वायर लावून ठेवली.

शनिवारी शेठच्या केबिनमध्ये आम्ही तिघं. शेठनी विचारलं, “बोला, कुठलं?” माझ्या डोक्यात वाक्य आधी इंग्रजीत तयार होतं, मग मराठीत येतं, आणि तोवर नेहमी दुसऱ्या कुणीतरी बोलून टाकलेलं असतं. मला काहीतरी म्हणायचं होतं. पैलवानाचं खाणं कमी होतंय, असं काहीतरी. वडीलधाऱ्यांनाच अजून एक संधी देऊ, असं काहीतरी. खोटंच, पण चांगलं दिसेल असं.

“पाचवं,” अण्णा म्हणाले.

“ते तर तुम्हीच नाकारलं होतं ना?”

“पोरीनं पाहिलंय. गुणी आहे. कुणाला त्रास देत नाही.”

“म्हणजे आता रोज संध्याकाळचा तो तेलुगूतला आरडाओरडा बंद? पिल्ली-पिल्ली?”

“बंद,” अण्णा म्हणाले, आणि सगळ्यात मोठ्याने तेच हसले.

सोमवारी पाचवं स्थळ तिन्ही घरांत गेलं. अण्णांनी त्या लोकांना होकाराचं पत्र लिहिलं, मुलीला सांभाळून घेऊ असं त्यात होतं. मी एक शब्द बदलला नाही. मग हैदराबादच्या व्यापाऱ्याने वीण बघितली, ऑर्डर दिली. शेठनी पेढे वाटले. पुण्याच्या कंपनीचं नाव पुन्हा निघालं नाही. सगळं अगदी छान झालं, आणि संध्याकाळी कारखाना सुटायची वेळ आली.

पडद्यावर तीन हिरवे ठिपके. अण्णा समोर बसलेले. टॉवेल पडद्यावर टाकून घरी निघायचं, एवढंच राहिलं होतं. त्यांनी फोन काढला, ठेवला, परत काढला. मग सवयीने स्पीकरवर सिरसिल्ल्याला लावला. शबाना आपा पिशवी घेऊन निघाल्या होत्या, त्या माझ्या खुर्चीपाशी थांबल्या.

तिकडून आत्यांचा आवाज आला. नेहमीसारखाच मोठा, पण घाबरलेला.

“पूछ रै, कायकू किया फोन,” आपा माझ्या कानाशी म्हणाल्या. “डब्बा बिगड गया क्या, पूछ रै.”

अण्णा काहीतरी म्हणाले.

“बोल रा, नै. सब ठीक है.”

आत्यांनी पुन्हा विचारलं. अण्णा एकच शब्द बोलले, हळू.

“बोल रा, ऐसाच किया.”

पलीकडून एकदम प्रश्नांवर प्रश्न, एकाहून एक मोठ्याने.

“तबियत ठीक है ना, पूछ रै. दवाखाने में है क्या. ऐसाच फोन कौन करता, सच बोल, क्या हुआ.” आपा थांबल्या. त्यांनी पुढचं भाषांतर केलं नाही.

“काही नाही आत्या, काही नाही,” अण्णा मराठीतच म्हणाले, आणि फोन ठेवला. मग आमच्याकडे वळून हसले. “म्हातारी उगीच घाबरली. बरोबर आहे तिचं. कारण पाहिजे ना काहीतरी.”

आपा बराच वेळ पिशवीचा बंद सरळ करत होत्या. मी माझा जेवणाचा डबा बॅगेत भरला, बाटली भरली, बॅगेची चेन ओढली. दारापर्यंत गेले आणि परत आले. वाक्य या वेळी मराठीतच तयार झालं होतं, आणि आधी कुणी बोललं नव्हतं.

“अण्णा, आमच्या घरी पण एक डबा बसवा.”

ते चकित होऊन बघायला लागले. “तुमच्या घरी? तुमचं घर तर सोलापुरातच आहे की बिड्डा. हितं आपला मुख्य डबा आहे. अर्ध्या तासावर दुसरा ठेवून उपयोग काय?”

“काही उपयोग नाही,” मी म्हणाले, आणि माझा आवाज मलाच मोठा वाटला. “पाचवं स्थळ त्याच्यात घालू नका. जुनंच घाला, वडीलधारं. आमच्या आईला त्यातलं काही कळणार नाही, तुम्हाला रोज संध्याकाळी फोन करून तिला विचारावं लागेल.”